धुण्याचा दगड

निजामी अमलात जालन्याला गोऱ्या सोजिरांचं एक लहानसं कबरस्तान होतं. तिथला राखणदार झाडता झाडता प्रत्येक कबरीला "राम राम, साहेब" म्हणायचा. एका कबरीवर दगडच नव्हता. तिथं तो जरा जास्त वाकायचा. तो दगड बऱ्याच वर्षांपूर्वी मीच चोरला होता, आणि अक्षरं खाली करून घरच्या आडावर बायकोला धुणं धुवायला टाकला होता. शेवटी एका सकाळी त्याला सांगून टाकलं. वाटलं, आता हा थेट कोतवालीत नेणार.

तो पोट धरून हसला. "म्हंजे साहेब इतकी वर्षं वहिनींच्या हाताखाली! चला, जल्दी उचला."

दोघांनी दगड जागेवर बसवला.

"वाचा की, मास्तर."

मी नाव वाचलं. वय वाचलं, एकोणीस.

"आरं, हे तर पोरगं! अन् मी साहेब साहेब करून राह्यलो!" म्हणत त्यानं दगडाला टपली मारली.