झोळीतला चष्मा

हे मी मंडळात कधी बोललो नाही, घरी नाही, आणि तिच्या आईसमोर तर नाहीच. पत्रकं मात्र ढीगभर लिहिली— पालिका आंधळी, सरकार आंधळं, लूमचे मालक आंधळे. सगळे आंधळे, आणि मी एकटा डोळस!

गोडादऱ्याच्या लूमवस्तीतल्या पालिका शाळेत, मराठी वर्गांत, आम्ही मंडळवाले पोरांचे डोळे तपासत होतो. सुनंदा चौथीत. बाप लूमवर, आई घरी साड्यांचे धागे कापायची. फळा दिसत नाही म्हणून पोर शेजारणीच्या वहीतून उतरवायची. कॉपी करते म्हणून गुरुजींनी तिला शेवटच्या बाकावर टाकलेलं. सगळा वर्ग तिला ‘ठोठ’, म्हणजे ढ, म्हणायचा. आमच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही तिला ओळखता आलं नाही, तेव्हा सोबत आलेली तिची आई हसली— हो, हसली. “म्हंजे मन्ही पोर ठोठ नही ना, भाऊ?”

एका चष्मेवाल्याने कळवळून तिच्यासाठी फुकट चष्मा करून दिला. तो मी झोळीत टाकला. आणि बाहेर काढला नाही.

का? पालिकेच्या साहेबाकडे शिष्टमंडळ न्यायचं होतं. प्रत्येक पोराला चष्मा द्या— मागणी रास्तच होती. पण साहेबासमोर उभी करायला मला न दिसणारी पोर हवी होती. चष्मा लावलेली पोर काय कामाची? थोड्या दिवसांचाच प्रश्न, म्हटलं. साहेबाने भेट पुढे ढकलली. पुन्हा ढकलली. मीही चष्मा पुढे ढकलत गेलो— साहेबाला शिव्या देत. आमच्या दोघांत फरक काय होता?

आई रस्त्यात गाठायची. “भाऊ, चष्मा उना का?”

“कुठला, मावशी! पालिकेला विचारा.”

हे मी इतक्या त्वेषाने बोलायचो, की तीही माझ्याबरोबर पालिकेचा उद्धार करायची.

मग वार्षिक परीक्षा. त्या शाळेत प्रश्न फळ्यावर लिहून देत. मी फाटकाशी पत्रकं वाटत होतो. खिडकीतून ती दिसली— शेवटचा बाक, आधी डोळे बारीक केलेले, मग नुसतीच पेन्सिल चावत बसलेली. चष्मा माझ्या झोळीत, पत्रकांच्या खाली. आत जाऊन द्यायला कितीसा वेळ लागला असता? पण दिला तर खोटं उघडं पडेल, आणि पुरावाही जाईल— हे दोनच विचार डोक्यात होते. तिसरा नव्हता.

ती नापास झाली. सुट्टीत एकदाची साहेबाची भेट मिळाली. त्याच्या मागची पाटी तिला वाचता येईना. साहेब विरघळला, चष्मे मंजूर झाले. मंडळाच्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. सुनंदाने माझा सदरा ओढला. “भाऊ, आते माले पास करतीन का?”— तिला ती परीक्षाच वाटली होती.

चष्मा घेऊन तिच्या घरी गेलो. “पालिकेने पाठवला,” म्हणालो. खोट्यावर आणखी एक. बापाने तिचं शाळेतून नाव काढलं होतं. ती उंबऱ्यात बसून, साडी नाकाशी धरून, सपासप धागे कापत होती. आईने चष्मा पदराने पुसला आणि डब्यांच्या मागे ठेवून दिला.

“धागाले चष्मा लागस नही, भाऊ. जवळनं दिसस तिले.”

दुसऱ्या दिवशी विजयाचं पत्रक निघालं. पहिलं वाक्य माझं होतं— सुनंदाला आता फळा दिसतो.