हजेरीतलं शेवटचं नाव

मी घर सोडलं त्या सकाळी आमच्या घरात कुणीच राहत नव्हतं. सगळे अंगणात होतो. बांबूंवर ताणलेली निळी ताडपत्री, तिच्याखाली चूल, आत्याची बाज आणि पाटावर मांडलेले देव. जमीन पहिल्यांदा जोरात हलली तेव्हा आईने आधी देव बाहेर आणले आणि मग मला हाक मारली, असं मी तिला चिडवायचे. ती म्हणायची, "देवांना पळता येत नाही. तुला येतं ना?"

तलासरीच्या डोंगराकडे आमचा पाडा आहे. तिथे तेव्हा धक्क्यांचे दिवस होते. आधी जमिनीखालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग कौलं खडखडायची. धक्का थांबला की बाबा अंगणाच्या मधोमध उभे राहून हजेरी घ्यायचे. आधी आई, मग मी, मग आत्या, शेवटी चांदी गाय. आम्ही तिघी ओ द्यायचो, चांदीच्या गळ्यातली घंटा वाजायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिला कमी ऐकू येतं. ती कुणाच्याही नावाला ओ द्यायची आणि बाबांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. मग आम्ही हसायचो. भीती जायची नाही, पण हसताना ती जरा सरकून बसायची.

त्या सकाळी माझी बॅग आत राहिली होती. गोव्याला समुद्रशास्त्र शिकायला निघाले होते. आई म्हणाली, "आत रेंगाळू नको, बाय." मी बॅग उचलली आणि खालून बार झाला. मांडणीवरची भांडी कोसळली, भिंतीची माती ओघळली. अशा वेळी बाहेर पळायचं, हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण माझे पाय हलेनात. बाहेर हजेरी सुरू झाली. आई. आत्या. मग चांदी. माझं नाव मधे आलंच नाही, ते गाईच्या नंतर आलं. "तारा!" माझ्या तोंडून आवाज फुटेना. पुन्हा "तारा!" या वेळी बाबांचा आवाज चिरकला. तिसऱ्या हाकेला मी कशीबशी ओ दिली, तेव्हा ते आत आले आणि त्यांनी मला दंडाला धरून बाहेर ओढलं.

मी रडत होते. ते म्हणाले, "घाबर, खुशाल घाबर. पण ओ दे. ओ नाय आली तर माणूस कठं शोधायचा?"

दुपारी त्यांनी मला डहाणू रोड स्टेशनवर गाडीत बसवलं. आम्ही डोंगराकडची माणसं. भात आणि नाचणी पिकवायची, डहाणूला बाजारापुरतं यायचं आणि दिवस मावळायच्या आत परतायचं. समुद्र बघायचा तो किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखालून. पाण्यात उतरणं हे किनारपट्टीच्या, आगरच्या मच्छीमारांचं काम. लहानपणी मी एकदा घोट्याएवढ्या पाण्यात गेले होते, तर बाबांनी सगळा वेळ माझं मनगट सोडलं नव्हतं. अशा माणसाची मुलगी समुद्राचा तळ शिकायला निघाली होती. गाडी सुटताना ते खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "पोचलीस की ओ दे."

समुद्रच का, असं मला अजून विचारतात. आमच्या शाळेत धक्के नोंदवणारं यंत्र बसवलं होतं. मी मधल्या सुट्टीत त्याच्यासमोर जाऊन बसायचे. आपल्याला ज्याची एवढी भीती वाटते, त्याच्याकडे हे यंत्र न घाबरता कान लावून बसतं, याचा मला हेवा वाटायचा. पुढे कळलं की अशीच यंत्रं समुद्राच्या तळाशीही ठेवतात. मग त्यांच्यामागे मीही गेले. सुट्टीत घरी आले की लोक विचारायचे, "तू एवढी शिकलीस, आता हे कधी थांबेल ते सांग." मी म्हणायचे, ते कुणालाच सांगता येत नाही. मग सगळे आईकडे असे बघायचे, जणू बिचारीची पोर नापास झाली.

आता मी चेन्नईत असते. रिक्षावाल्याशी तमिळमध्ये भांडते. क्रूझ, डाइव्ह, डेटा हे शब्द जेवतानाही माझ्या तोंडात असतात. पण टेबलावर पाण्याचा भरलेला ग्लास नसेल तर मला चैन पडत नाही. खालून ट्रक गेला की मी आधी ग्लासातलं पाणी बघते आणि मग दार. सिनेमाला गेले तरी दाराजवळच्या खुर्चीतच बसते. वापी-सिल्वासाच्या कंपन्यांत गेलेल्यांनो, दुबईला गेलेल्यांनो, तुम्हाला हे सांगायला नको. गाव सोडता येतं, पण गावाने अंगात घातलेली भीती बॅगेत न भरताही सोबत येते.

आणि बाबांची हजेरीही सोबत आली. तिकडे धक्का बसला की इकडे माझा फोन वाजायचा. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. नुसतं "तारा?" मी म्हणायचे, "ओ." फोन बंद. जमीन त्यांची हलायची आणि हजेरी माझी लागायची! मीटिंगमध्ये, भाजीच्या गाडीवर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना मी ओ दिली आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांची झाली की तुझी. चांदीच्या पण मागून." मला हसू यायचं आणि थोडं लागायचंही. घर सोडलं म्हणून मी यादीत गाईच्या खाली गेले, असं मी मनाशी धरलं होतं.

यंदा मला स्वतः तळाशी जायची संधी आली. खोल पाण्यात जाणारी पाणबुडी टीव्हीवर दिसते तशी लांबलचक नसते. तिघं जण गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढा धातूचा गोळा, आणि आत शिरायला वर एक झाकण. खाली पाण्याचा दाब इतका असतो की कितीही जोर लावला तरी ते झाकण आतून उघडत नाही. हललं की बाहेर पळ, हे शिकून मी मोठी झाले होते, आणि आता अशा जागी बसायचं होतं जिथून पळताच येत नाही. जायच्या आदल्या आठवड्यापासून मला अन्न गोड लागत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी जहाजावरच्या सॅटेलाइट नेटवर फोन बघितला तर गावाच्या ग्रुपवर मेसेज होते. मोठा धक्का. भिंती पडल्या. लाइट नाही. बाबांचा फोन आलेला नव्हता. मी लावला तर तो बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. आजवर असं कधीच झालं नव्हतं. धक्का बसला आणि बाबांनी माझी हजेरी घेतली नाही, याचे अर्थ मी लावू नयेत तेवढे लावले.

आमचे प्रमुख म्हणाले, तुला थांबायचं तर थांब, दुसऱ्याला पाठवतो. माझी मैत्रीण सेल्वी जहाजावरून पाणबुडीशी बोलायचं काम करते. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "फोन मला दे. मी लावत राहते. तू वर बसून दुसरं काय करणार आहेस?" खरं होतं ते. वर बसून मी फक्त फोनकडे बघितलं असतं. मी फोन तिच्या हातात दिला आणि गोळ्यात उतरले. धाडस वगैरे काही नव्हतं. पट्टासुद्धा पाणबुडीच्या पायलटने लावून दिला.

झाकण बंद झालं. खिडकीतलं पाणी निळं होतं, ते गडद झालं आणि मग बाहेर काहीच उरलं नाही. गोळा थंड पडत गेला, भिंतींवर दव धरलं. एक थेंब मानेवर पडला तेव्हा पाणी आत आलं असं वाटून मी किंचाळले. मधेच धातू कडकन वाजायचा. पायलट म्हणायचा, नॉर्मल आहे. प्रत्येक आवाजाला मला मांडणीवरून कोसळणारी भांडी दिसत होती, आणि त्यांच्याखाली आई, आत्या, बाबा. माझ्यावर केवढं पाणी आहे याची मला आठवणसुद्धा नव्हती. मधल्या काळात ताडपत्री काढून घरचे पुन्हा आत राहायला गेले होते, आणि ते घर उभं आहे का, एवढंच मला हवं होतं.

तळ आला तेव्हा गोळा गाळावर दणकन टेकला. सगळं हललं. आणि मी मोठ्याने म्हणाले, "ओ!"

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. कुणी हाकच मारली नव्हती. मला रडू कोसळलं. समोर दिव्याच्या उजेडात तो तळ होता, ज्याच्यासाठी मी घर सोडलं होतं, आणि मला तो धड दिसत नव्हता.

तेवढ्यात वरून आवाज आला. खोल पाण्यातून येणारा आवाज फाटका असतो, उशिरा पोचतो. "तारा," सेल्वी म्हणत होती, "तुझे बाबा फोनवर आहेत. तिकडे टॉवर बंद आहे म्हणून टेम्पोने हायवेवर चारोटीला आलेत. तू समुद्राच्या खाली आहेस म्हटलं तर म्हणाले, मग हाक मार तिला." आणि तिने हाक मारली. तमिळ वळणाची, पण बाबांसारखीच, शेवटचा आ लांबवून.

मी ओ दिली. ती वर पोचायलाही वेळ लागला. सेल्वीने माझा फोन स्पीकरला लावून धरला होता, हे मला नंतर कळलं. बाबांचा नाक ओढल्याचा आवाज आला म्हणे आणि फोन बंद झाला.

महिन्याभराने मी घरी गेले. मागची भिंत पडली होती, पुन्हा ताडपत्री लागली होती, देव पुन्हा पाटावर होते. संध्याकाळी आई भाकऱ्या थापत असताना हलकासा धक्का बसला. मी आधी तांब्यातलं पाणी बघितलं. बाबा उठले. आई. आत्या. चांदी. मग माझं नाव. मी त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून ओ दिली आणि विचारलं, "एवढी समोर बसलेय, तरी मी गाईच्या मागून?"

बाबा तव्यावरच्या भाकरीकडे बघत म्हणाले, "तू जायला निघालीस त्या दिवसापासून शेवटी घेतो. लांबच्याची ओ यायला टाइम लागतो. मधे दुसऱ्या कुणाला हाक मारली तर ऐकूच नाय यायची."

गावात राहिलेल्यांनो आणि गाव सोडलेल्यांनो, घर आता कुठे आहे असं मला विचाराल तर मी एवढंच सांगेन. मला अजून भीती वाटते, इथेही आणि तिथेही. पण शेवटी माझं नाव घेतल्यावर, माझी ओ येईपर्यंत, बाबा गप्प उभे राहतात.