नाहीशा झालेल्या ओळी

साखर कारखान्यांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या कराडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सगळ्यांनी फाइलींत केलेले बदल एकत्र जोडणारा प्रोग्राम दिवाळीपासून वापरात होता; तो हुसेन मुलाणी सांभाळायचा. १९९७च्या गळीत हंगामात त्यानं तो तपासायला एकाच फाइलमध्ये दोघांचे बदल जोडले. त्यातला एक गुपचूप नाहीसा झाला.

खऱ्या कामातही असंच झालं असेल, या भीतीनं त्यानं शेजारच्या टेबलावरच्या चारुशीलाला विचारलं, “मॅडम, बॉयलरचा दाब वाढला की जाळ बंद करायची ओळ तुम्ही घातली होती ना?”

“हो. का?”

त्यानं उघडून पाहिलं, तर साखर कारखान्याला पाठवलेल्या प्रोग्राममध्ये ती ओळ नव्हतीच. हुसेननं तिकडे फोन लावला.

“दाबाचा काटा लय वर गेलाय,” फोरमन म्हणाला.

“आवं, आधी बॉयलर बंद करा!”

बॉयलर वेळेत थांबला. कंपनीच्या साहेबांनी हुसेनची पाठ थोपटली. पण दिवाळीपासून आणखी कुणाकुणाच्या ओळी गेल्या, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं कंपनीचाच प्रोग्राम चालवणाऱ्या दुसऱ्या कारखान्याचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली, फोन कुणीच उचलेना.