शुक्रवारी भरलेली कॅसेट

"फाटू दे!"

ताशाचं कातडं असो, भोंग्याचा पडदा असो की स्वतःचा गळा, त्याचं उत्तर हेच. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या आमच्या बँजो पार्टीचा तो गायक. दिवसा अंबरनाथला केमिकलच्या कारखान्यात, संध्याकाळी माईकसमोर. मी ताशा वाजवायचो. म्हणजे तो गाणं घेऊन पुढे जायचा आणि मी त्याला शोधत मागून यायचो.

मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आवाज राहील याची डॉक्टर हमी देईनात.

"त्याआधी माझं गाणं भरून घ्या," एवढंच तो म्हणाला. गाणं त्याचं स्वतःचं, ॲसिडने भाजलेल्या दोस्तावरचं. ओळी चार, बाकी ओरडणं.

टेपरेकॉर्डर फक्त माझ्याकडे, सासऱ्यांनी लग्नात दिलेला. तेवढ्या लायकीवर मी रेकॉर्डिस्ट झालो. जागा एका सिंधी शेटचं रिक्षा गॅरेज. शेजारी लेथ, समोर शिलाईची मशिनं. ती गप्प व्हायची फक्त शुक्रवारी, कारण शुक्रवारी आमच्याकडे वीजच नसायची. तुम्ही म्हणाल, मग ॲम्प्लिफायर कशावर? आम्ही दुरुस्तीला आलेल्या रिक्षाची बॅटरी काढली.

"अरे साईं, गिराक की बॅटरी है! गिराक चला जाएगा!" शेट ओरडला.

"जाने दो शेट. इधर आवाज जा रही है," मी म्हणालो.

शेटने आत जाऊन स्वतःच्या स्कूटरची बॅटरीही आणून दिली.

आवाज स्वच्छ यावा म्हणून मी हुशारीने सेलवरचा टेप थेट भोंग्याच्या तोंडाशी ठेवला. नंतर ऐकतो तर पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खरखर! मी कपाळावर हात मारला. तो मात्र खूश.

"असंच पाहिजे. ॲसिड असंच लागतं अंगाला."

"शेवटी खोकलायस. तेवढं तरी परत भरू."

"आता नाही जमायचं रे," तो गळ्यावर हात ठेवून म्हणाला.

ऑपरेशनमध्ये गाठ गेली. आवाजही गेला.

जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही ट्रकवर ती कॅसेट लावली. तो माईक धरून उभा राहिला, शब्दाशब्दाला ओठ हलवत. खाली चालणाऱ्या एका बाईने त्याच्या बायकोला विचारलं, "वहिनी, भाऊंचा आवाज परत आला?"

"आला की," वहिनी म्हणाली.

गाणं संपता संपता भोंग्यातून तो खोकला आला. ट्रकवर त्याने ओठ घट्ट मिटले होते. वहिनीने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, गर्दीतून वाट काढत ट्रकला गाठलं आणि हात उंच केला. तो वाकला, बाटली घेतली आणि सगळ्यांसमोर सावकाश पाणी प्याला.