उघडी कड

शनिवार पेठेतल्या डॉक्टर श्रीनिवासांच्या प्रयोगशाळेत मंदाकिनीबाई बावीस वर्षं नोकरीला होत्या. रुग्णांच्या शरीरातून काढलेले तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे केसाहून पातळ काप घ्यायचे आणि रंग देऊन काचेवर चढवायचे, हे त्यांचं काम. काचा तयार झाल्या की संध्याकाळी पाचला तुकडे ज्यात बुडवून येतात ते बाटल्यांतलं फॉर्मॅलिन मोरीत ओतायचं, बाटल्या धुऊन वर्तमानपत्रावर उपड्या घालायच्या. यात कधी खंड पडला नाही.

१९९६ च्या जानेवारीत विश्रांतवाडीच्या सरुबाई बाटली घेऊन आल्या. त्यांचे यजमान हिंदुराव यांच्या मूत्राशयातले तीन तुकडे तिच्यात होते. वाटेत मंडईत मेथी घेतली होती; बाटली त्याच पिशवीत, जुडीला टेकून.

"बसमध्ये धक्के लय बसलं," सरुबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "मालकांना वरीस झालं जळजळतंय. दुर्बीण घालून बघितलं, गाठ न्हाई म्हणत्यात. पण मालक म्हणत्यात, आत कुणीतरी बसलंय. मधनंच सरकतंय. तुमच्या कागदात काय न्हाई आलं, तर ते परत दवाखान्याची पायरी चढायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी तिन्ही काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

"बाई, अस्तर कुठे आहे? आपण पुसून ठेवलंत का?"

मंदाकिनीबाईंनी डोळा लावला. मूत्राशयाला आतून पेशींचं सहा-सात थरांचं अस्तर असतं. इथे त्यातली एकही पेशी नव्हती. खालचं सगळं जागच्या जागी, रक्तवाहिन्या तेवढ्या फुगलेल्या. आणि वर उघडी, स्वच्छ कड. भरल्या पंगतीतून सगळे एकदम उठून गेले असावेत, तशी. त्यांनी मेणातून आणखी खोल काप घेतले. तीच कड.

"कापात चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "पण जे नाही ते मी कुठून लिहू?" आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'अस्तर मिळाले नाही. गाठ आढळली नाही.'

पाच वाजले. मंदाकिनीबाईंनी हिंदुरावांची बाटली मोरीवर धरून कलती केली. तळातून पांढरट धुरासारखं काहीतरी उठलं, संथपणे एक वळण घेतलं आणि पुन्हा खाली जाऊन बसलं.

आत कुणीतरी बसलंय. मधनंच सरकतंय.

हात तिथेच थांबला. त्यांनी ते पाणी यंत्रात गरगर फिरवलं, तळाशी जमलेला गाळ काचेवर घेतला, रंग दिला. भिंगाखाली मोठ्या, काळ्याभोर केंद्रांच्या पेशी घोळक्याने उभ्या होत्या. एकीचा आकार दुसरीशी जुळत नव्हता. उठून गेलेले सगळे इथे होते.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. "कुठे मिळाल्या?"

"बाटलीत. ओतायलाच निघाले होते."

डॉक्टरांनी मघाचा कागद फाडला. "हा कर्करोग सुरुवातीला गाठ करतच नाही. अस्तरातल्या अस्तरात पसरतो. पेशींची एकमेकींवरची पकड सुटते, धक्का लागला की गळतात. मग तुकडा उघडा दिसतो, आणि माझ्यासारखे विद्वान लिहितात, काही नाही."

हिंदुरावांची लघवी तपासली, पुन्हा तुकडे घेतले; निदान पक्कं झालं. रोग भिंतीत उतरला नव्हता. सहा आठवडे मूत्राशयात औषध सोडलं. दसऱ्याच्या सुमाराला सरुबाई पेरू घेऊन आल्या. "परवा परत दुर्बीण घातली, समदं साफ हाय. मालक म्हणत्यात, आता आत कुणी न्हाई."

त्या गेल्यावर मंदाकिनीबाईंनी जुनं कपाट उघडलं. बावीस वर्षांच्या काचा क्रमवार लावलेल्या होत्या. मूत्राशयाच्या तेवढ्या काढून त्या एकेक बघत गेल्या. चौथ्या काचेवर कड उघडी होती. १९८३. त्यांनी नोंदवही काढली. जयसिंग नावाचा माणूस, वय एक्कावन्न. 'गाठ आढळली नाही.' त्याची बाटली त्या दिवशी पाच वाजता धुतली गेली होती. ते वहीत पाहायची गरज नव्हती.

"बाई, पाच वाजून गेले," आतून डॉक्टरांचा आवाज आला. "आज बाटल्या राहिल्या की."

मोरीपाशी तीन बाटल्या भरलेल्या उभ्या होत्या. मंदाकिनीबाई तिकडे वळल्या नाहीत. त्यांनी पाचवी काच भिंगाखाली सरकवली.