गळती मीच शोधली

हे कुणाला सांगायचं नाही अशी काकाने मला ताकीद दिलीय. पण तो स्वतः काय करतोय? ‘गळती मीच शोधली’ म्हणून बिल्डिंगभर मिरवतोय! मग मी का गप्प बसू? वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोहोचत नाही, हे मान्य. पण गळती मी शोधली. मी!

काकाकडे एक लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, जमिनीला टेकलेली, वयाने माझ्याहून मोठी. आजी एकदाच तिच्यात बसली, आणि तिला बाहेर काढायला वॉचमनला बोलवावं लागलं. तेव्हापासून ती गाडीला ‘डबडा’ म्हणते. माझा मात्र त्या डबड्यात जीव अडकलाय. मला अठरा पूर्ण झाली की याच गाडीवर शिकवायचं, असं काकाने कबूल केलंय.

आणि दसऱ्यानंतर ही गाडी गळायला लागली! काका संध्याकाळी ऑफिसातून आला की पार्किंगमध्ये हिरवं थारोळं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट हो. वडाळ्याच्या मिस्त्रींनी कूलंटच्या टाकीचं झाकण बदललं. पाइप बदलला. थारोळं आपलं रोज हजर.

“अब पंपच असणार साहेब,” मिस्त्री म्हणाले. “खोलावं लागेल.”

“खोला, खोला! पोट फाडा तेचां!” आजी पार्किंगमधल्या तिच्या खुर्चीतून कडाडली. “इकून टाक रे ता डबडा. रांगोळी घालूची खंय मी? जमीन हिरवीगार!”

काका कंटाळला. रविवारी गाडी बघायला एक गिऱ्हाईक यायचं ठरलं.

रविवारी! आणि मला अठरा कधी व्हायची?

बरं, गाडीची काळजी मी काही कमी घेत नव्हते. सकाळी इंजिन थंड असताना टाकीत डोकावायचं, हे काम काकाने माझ्यावरच सोपवलं होतं. “कमी असेल तर भर,” एवढंच म्हणाला होता. मी एकही सकाळ चुकवली नाही.

आता आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. आमचा टॉवर उभा राहायच्या आधी इथेच, डिलाईल रोडला, आमची चाळ होती. पहाटे थोडा वेळ पाणी यायचं, तेवढ्यात पिंप, हंडे, कळशा सगळं काठोकाठ भरायचं. आता नळाला दिवसभर पाणी असतं, तरी आजी पहाटे उठून पिंप भरते. बादल्या भरते. कुकरसुद्धा भरून ठेवते! भांडं जरा निम्मं दिसलं की आवाज चढलाच: “ह्या असा अर्धा कोणी ठेवल्यान?”

तर, शनिवार संध्याकाळ. मिस्त्री नवा पंप घेऊन आलेले, आजी तिच्या खुर्चीत. काका आला, गाडी लागली. मी आधीच गाडीखाली जुने पेपर पसरून ठेवले होते.

“हे काय, मीनू?” काकाने विचारलं.

“थेंब कुठे पडतो ते बघायचंय.”

“बेबी, कपडे खराब होतील,” मिस्त्री हसले.

मी टॉर्च घेऊन सरळ फरशीवर आडवी झाले. टप! पेपरवर हिरवा ठिपका. टप! त्याच जागी. वर एक बारीक नळी दिसली. काकाला बॉनेट उघडायला लावलं आणि नळीचा माग काढत गेले, तर ती निघाली टाकीच्या तोंडाजवळून! पण टाकीवर धड काही दिसेना. दसऱ्याला गाडीची पूजा करताना बॉनेटखाली एवढी एकच पांढरी जागा आजीला सापडली होती. तिच्यावर तिने हळद-कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक काढून ठेवलेलं.

मी ते फडक्याने पुसलं. खाली एक रेघ होती. रेघेशेजारी लिहिलं होतं, मॅक्स.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांदेखत ओरडले, “गाडी गळतच नाहीये! टाकी रेघेच्या वर भरली जातेय, तापली की जास्तीचं या नळीतून बाहेर! रोज सकाळी टाकी काठोकाठ भरणारा तो मूर्ख कोण आहे?”

काका माझ्याकडे बघत होता. मिस्त्री माझ्याकडे बघत होते.

“भरता कोण गो रोज?” आजीने अगदी गोड आवाजात विचारलं.

तुम्हाला वाटेल मी रडले. मुळीच नाही! “मीच भरते,” मी म्हणाले. “पण अर्धं ठेवायचं असतं असं या घरात कुणी कधी शिकवलंय? आणि रेघेवर कुंकू कुणी फासलं?” आजी एकदम गुडघा चोळायला लागली.

मिस्त्री पंप उचलून निघाले. काकाने गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून फोन केला. गाडी राहिली की नाही? कुणामुळे? “आता कशाला हात लावू नकोस,” असं काका म्हणाला खरा. पण शोध लावणाऱ्या माणसाने हात बांधून बसायचं का? आज सकाळीच मला बॉनेटखाली आणखी एक टाकी सापडली, समोरच्या काचेवर पाणी उडवते ती. तीही निम्मीच! काच नीट स्वच्छ व्हावी म्हणून मी भांडी घासायचं लिक्विड घेतलं आणि...

“मीनूऽऽ! अगं, काचेवर हा फेस कसला? काही दिसत नाहीये मला! आधी खाली ये!”

काका हाका मारतोय. आलेच. पण जाता जाता एवढं सांगते, या टाकीवर रेघबिघ काही नव्हतं, दोनदा बघितलं मी, त्यामुळे मी ती अगदी काठोका—

“मीनूऽऽ!”