बिनकरंटची खोली

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच गाव सोडून गेलेल्या माणसांनो, आपल्या वस्तीत करंट आला तेव्हा त्याच्यापायी वस्ती सोडून कोण गेलं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

मी गेले. वांकिडीच्या अलीकडच्या फाट्यावर आसिफाबादची बस आली, तेव्हा सोबत फक्त माय होती. समोरच शाळा. खिडकीतून बाबा दिसत होते, फळ्याकडे तोंड करून शिकवत होते. त्यांचा खडू थांबला नाही. मायनं पेटी वर चढवली आणि म्हणाली, "जाय बाई. तिकडं तरी झोप येईल तुले." बस हलल्यावर ती आणखी काहीतरी बोलली, पण इंजिनाच्या आवाजात ते गेलं.

बाबा म्हणजे आमच्या बौद्ध वस्तीतले पहिले गुरुजी. आजा दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. बाबांनी शिकून पत्रकं काढली, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवर. पाटलाच्या आळीत बल्ब लागले आणि तार आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली, तेव्हा बाबांनी पत्रकांवर पत्रकं काढली, तहसीलच्या पायऱ्यांवर बसले, मार खाल्ला. मग तार आली. ट्रान्सफॉर्मरला कोणी जागा देईना. बाबांनी आमच्याच मागच्या भिंतीजवळची जागा अभिमानानं दिली.

थोड्याच दिवसांत माझं डोकं दुखायला लागलं. अंगावर मुंग्या, कानात घूं, डोळ्याला डोळा नाही. वावरात गेले की उतरायचं, घरी आले की चढायचं. डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून इंजेक्शन दिलं. शेजारच्या बाया म्हणाल्या, भगताकडं न्या. पण बाबा भगतांचे वैरी. लिंबातून रक्त काढणाऱ्यांना त्यांनी भर चौकात उघडं पाडलेलं. माझ्यासाठीही त्यांनी तेच केलं. विहारात वस्ती जमवली, माझे डोळे बांधले, बाहेर बटणापाशी एक माणूस उभा केला आणि मला विचारलं, "सांग पोरी, आता करंट चालू हाये का बंद?"

मी चुकले. परत विचारलं, परत चुकले. मागून एक बाई म्हणाली, "भांडे घासाचे दिसले का करंट लागते हिले." सगळा विहार हसला.

बाबा हसले नाहीत. त्यांनी पत्रक काढलं, 'एका मुलीचा भ्रम'. नाव नव्हतं, पण गावाला नावाची काय गरज? छापून आलेला गठ्ठा त्यांनी नेहमीसारखा माझ्यापुढं ठेवला, कारण पत्रकांच्या घड्या लहानपणापासून मीच घालत असे. त्याही घातल्या. एक पत्रक पेटीच्या तळाशी टाकलं, वर दोन लुगडी टाकली आणि फाट्याची वाट धरली.

आसिफाबादेत "बिनकरंटची खोली पाहिजे" म्हटलं की घरमालक आधी हसायचे, मग घाबरायचे. जिला बल्ब परवडत नाही ती भाडं काय देणार, ही पहिली शंका. दुसरी जास्त वाईट होती. त्या वर्षांत पोलीस जंगलातल्या अन्नांना, म्हणजे नक्षलवाद्यांना, दारोदार शोधत होते. एकटी तरुण बाई, सोबत एक पेटी, आणि मागते काय तर अंधारी खोली. शेवटी एका म्हातारीनं गोठ्याला लागून असलेली खोली दिली. "करंट नक्को? कायकू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, डोकं दुखतं. तिनं मान हलवली, आणि आठवडा उलटायच्या आत पोलीस जमादार दारात आला.

पेटीतलं पत्रक त्याच्या हाती लागलं. त्याला मराठी वाचता येईना. "चदुवु," तो म्हणाला, वाच. मी माझ्याच भ्रमाची कहाणी एकेक ओळ तेलुगूत करून सांगितली. डोळे कसे बांधले, मुलगी कशी चुकली, लोकांनी यातून काय शिकावं. "तो ये पगली तूच क्या?" त्यानं विचारलं. हो म्हटलं तर सुटका होती. मी हो म्हटलं.

तो हसत निघून गेला. म्हातारीनं माझी पेटी उचलून रस्त्यावर ठेवली. "अन्नलोगां को रख लेती मैं, बेटी," ती अगदी मायेनं म्हणाली, "पागल को नक्को."

मग जंगलाच्या कडेच्या एका गुड्यावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या पाड्यावर, शिकवायची जागा मिळाली, कारण तिथल्या शाळेत कोणी मास्तर टिकत नव्हता. करंट नव्हता. मी शाळेतच राहायला लागले. सारवलेली जमीन, रॉकेलचा दिवा, आणि झोप. माझं तेलुगू ऐकून पोरं हसायची, मी त्यांची कोलामी बोलू लागले की लोळायची. तिथं कोणी माझे डोळे बांधले नाहीत.

मग एका बाईला अंधारात साप चावला. कुठं चावला हे कंदील आणून बघेपर्यंत ती गेली. तिला पुरून आल्यावर गुड्याचा मुखिया, म्हातारा पटेल, माझ्याकडं आला.

"बाई, करंटच्या साहेबासंग तूच बोल. आमची भाषा त्याले समजत नाही." मग हळूच म्हणाला, "तुले तरास होते, ठावं हाये आमाले. पन आमी काऊन अंधारात मरावं?"

मी गेले. बाबांच्याच आवेशात साहेबाशी भांडले. तो वैतागून म्हणाला, "स्कूल कू बी मीटर लगाना न, टीचर?" मी म्हटलं, लगाव. तारा ओढल्या त्या दिवशी पोरं खांबाभोवती नाचली. मी डोक्याला फडकं आवळून टाळ्या वाजवल्या.

आता इथं झोप नाही. मायनं निरोप धाडलाय, "तुहा बाप म्हणते, घरी ये, मेन बंद ठेवू. फक्त विहारात एकदा सगळ्याईसमोर म्हण, भ्रम होता." असेलही भ्रम. बाबांनी त्या दिवशी लबाडी केली नव्हती, मी चुकले होते. पण दुखत होतं हेही तितकंच खरं. जे मला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं मी जमादारापुढं एकदा म्हटलं, विहारात म्हणणार नाही. कबुली दिल्यावर उघडणारं दार बापाचं असलं तरी ते माझं घर नाही. रात्री अंग टाकता येईल आणि सकाळी कोणी पुरावा मागणार नाही, अशा जागेला मी आता घर म्हणते.

तीच मागते आहे. वावरातली कोठी चालेल, बंद पडलेल्या वीटभट्टीवरची खोली चालेल, मातीच्या भिंती चालतील. भाडं देईन, पोरांना शिकवीन. करंट न पोचलेली अशी जागा तुमच्या माहितीत असेल, तर हे पत्रक वाटणाऱ्याजवळ निरोप द्या, आणि लवकर द्या. खांब तिथंही येणार आहेत, आणि यायलाच पाहिजेत.